मॉरिस मायनरचे १०९८ इंजिन : दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर

१९६५ सालच्या मॉरिस मायनर १००० या ब्रिटिश मोटारीचे इंजिन आजपासून तपासणीसाठी हाती घेतले. तक्रारी तीन आहेत. आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा) इंजिन मिसिंग मारते, म्हणजे मधले ठोके चुकतात, चढावर दम टिकत नाही, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की गिअरबॉक्सच्या तोंडाशी जमिनीवर तेलाचा तळहाताएवढा डाग पडतो. ‘इंजिन उतरवा आणि पुरते नवे करा’ असा सल्ला मला दोन ठिकाणी मिळाला आहे, परंतु एकही मोजमाप न घेता दिलेला सल्ला मला पटत नाही. त्यामुळे या नोंदींचा नियम आधीच ठरवून टाकतो : जो भाग मोजून खराब ठरेल तोच बदलायचा.

इंजिनाची मूळ माहिती समोर असावी म्हणून इथेच लिहून ठेवतो. ऑस्टिन कंपनीने १९५१ मध्ये ए३० या गाडीत ८०३ घ.सें.मी. क्षमतेचे जे छोटे चार सिलिंडरचे इंजिन आणले, त्याच ‘ए-सिरीज’ घराण्यातले हे इंजिन आहे. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ मध्ये एका छत्राखाली आल्यावर ते मायनरमध्ये आले. १९५६ मध्ये त्याची क्षमता ९४८ झाली आणि १९६२ मध्ये १०९८. या घराण्याची इंजिने २००० सालापर्यंत मिनी गाडीत बसत होती. माझ्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४.५८ मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८३.७२ मि.मी. आहे. गुणाकार केला तर आकडा १०९७च्या आसपास येतो, पुस्तकात मात्र १०९८च छापलेला आहे. कंप्रेशनचे गुणोत्तर ८.५ला १, कमाल शक्ती मिनिटाला ५१०० फेऱ्यांवर ४८ अश्वशक्ती आणि कमाल टॉर्क २५०० फेऱ्यांवर ६० फूट-पौंड. ब्लॉक (सिलिंडरांचा मुख्य ठोकळा) आणि हेड (त्यावरचे झाकण) दोन्ही बिडाचे आहेत, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आहे, आणि पुशरॉड व रॉकर यांच्यामार्फत हेडमधले आठ व्हॉल्व्ह चालतात. क्रँकशाफ्टला मेन बेअरिंग तीनच आहेत. लांब स्ट्रोक आणि तीन बेअरिंग यांमुळे हे इंजिन कमी फेऱ्यांवर फार छान ओढते, पण उंच फेऱ्यांवर बराच वेळ पळवले तर क्रँक लवते, आणि म्हणून त्याला तसे राबवू नये. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे.

९ ऑक्टोबर

कंप्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब होतो ते, तपासले. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणले, चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि प्रत्येक सिलिंडरवर गेजचा काटा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवला. पहिला सिलिंडर (म्हणजे रेडिएटरकडचा) १५८ पीएसआय (चौरस इंचाला पौंड), दुसरा ११२, तिसरा १०४, चौथा १५५. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजले, तेव्हा अनुक्रमे १६४, ११७, १०८ आणि १६२ आले. तेलामुळे आकडा फारसा चढला नाही, याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्यामधून होणारी गळती मोठी नाही. इंजिन पुरते नवे करण्याच्या सल्ल्याचा निम्मा आधार इथेच गेला.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की पहिला संशय त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा थर) जातो. मलाही आज तेच वाटते आहे. पण उघडण्यापूर्वी टॅपेट पाहायचे.

१० ऑक्टोबर

टॅपेटचे अंतर, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामधली फट, या इंजिनाला थंड अवस्थेत ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मि.मी. लागते, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना सारखेच. तपासायला नवाचा हिशेब सोयीचा आहे. ज्या व्हॉल्व्हचे अंतर पाहायचे त्याचा क्रमांक नवातून वजा करावा आणि उरलेल्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण खाली दाबला जाईपर्यंत इंजिन हाताने फिरवावे. पहिल्यासाठी आठवा, चौथ्यासाठी पाचवा, याप्रमाणे.

पुढून मोजले तर व्हॉल्व्हचा क्रम एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट असा आहे. पहिला, दुसरा, तिसरा, सहावा, सातवा आणि आठवा या सर्वांचे अंतर ०.२५ ते ०.३० मि.मी.च्या दरम्यान निघाले. चौथ्याला फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या संचाची) ०.०५ची पात कशीबशी शिरली. पाचव्याला सर्वांत पातळ पातही शिरेना. रॉकर बोटाने हलवून पाहिला तर तिथे किंचितही खेळ नव्हता, म्हणजे तो व्हॉल्व्ह बंद अवस्थेतही पुरता बसत नव्हता.

चौथा आणि पाचवा हे दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. या हेडमध्ये पोर्ट जोडून काढलेले आहेत : दोन इनलेट पोर्ट चार सिलिंडरना पुरवठा करतात, आणि एक्झॉस्टच्या तीन पोर्टांपैकी मधला पोर्ट दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरचा सामाईक आहे. त्यामुळे हे दोन व्हॉल्व्ह एकमेकांना खेटून बसतात, दोघांचाही जाळ एकाच वाटेने जातो, आणि हेडमधली सर्वांत तापणारी जागा हीच ठरते. सीटचा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या जागेचा, त्रास व्हायचाच असेल तर तो आधी इथे होणार.

दोन्हींचे अंतर ०.३०वर आणून कंप्रेशन पुन्हा घेतले. दुसरा ११२वरून १४० आणि तिसरा १०४वरून १२२ झाला. गॅस्केट फाटलेले असते तर टॅपेट सैल केल्याने आकडा हलला नसता. कालच गॅस्केट मागवून हेड उघडायला बसलो असतो आणि टॅपेट न पाहता पुन्हा बांधले असते, तर ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशीच गत झाली असती.

एक सावधगिरी लिहून ठेवणे आवश्यक आहे. जुन्या रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हची दांडी आपटून खळगा पडतो. फीलर गेजची सपाट पात त्या खळग्यावर पुलासारखी टेकते आणि खळग्याची खोली मोजमापात येत नाही, म्हणून गेज ०.३० दाखवत असले तरी खरे अंतर त्याहून जास्त असते आणि इंजिन टकटक करत राहते. माझ्या पहिल्या आणि आठव्या रॉकरला नखाला जाणवेल इतका खळगा आहे.

१३ ऑक्टोबर

हवेच्या दाबाने गळतीची जागा पक्की केली. प्रत्येक सिलिंडर कंप्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढला आणि प्लगच्या भोकातून हवा सोडून कान लावला. कार्ब्युरेटरमधून आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या नळीतून आला तर एक्झॉस्ट, तेल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि शेजारच्या प्लगच्या भोकातून किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे होऊन आला तर गॅस्केट. दुसऱ्या सिलिंडरला सायलेन्सरमधून सूं असा आवाज आला, तिसऱ्याला तोच आवाज बराच मोठा होता. रेडिएटरमधले पाणी स्थिर राहिले आणि शेजारच्या भोकाशी धरलेला कागदाचा कपटाही हलला नाही. निदान झाले, हेड उतरवायचे.

१६ ऑक्टोबर

हेड उतरवले. नऊ नटांपैकी चार नट रॉकरचे स्टँडही धरतात, म्हणून नुसता रॉकर शाफ्ट काढायचा असला तरी पाणी उपसून उरलेले पाच नट सैल करावे लागतात, नाहीतर हेड एका बाजूने दाबले जाऊन वाकण्याची भीती असते. नट एकदम न सोडता मधून बाहेरच्या दिशेने, प्रत्येकी थोडे थोडे असे सोडले. पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोके पाडून खोचून ठेवले, कारण प्रत्येक पुशरॉड आपापल्या टॅपेटशी घासून जुळलेला असतो आणि अदलाबदल केली तर झीज नव्याने सुरू होते.

ज्वलनकक्ष पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे आहेत. ही रचना इंजिनतज्ज्ञ हॅरी वेसलेक यांची, आणि इतक्या साध्या हेडमध्ये त्यांनी साधलेला परिणाम पाहिला की आजही आदर वाटतो. पहिल्या आणि चौथ्या कक्षात तपकिरी कोरडा थर होता. मधल्या दोन कक्षांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती पांढुरकी राखेसारखी पुटे होती, आणि पाचव्या व्हॉल्व्हच्या कडेला साधारण चार मि.मी. रुंदीचा भाग जळून गुळगुळीत झिजला होता. गॅस्केट मात्र सर्वत्र शाबूत.

१७ ऑक्टोबर

व्हॉल्व्ह काढून मोजले. डेप्थ गेजने हेडच्या पृष्ठापासून प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किती खोल बसला आहे ते पाहिले. पहिला आणि आठवा जवळपास सारखे निघाले. त्यांच्या तुलनेत चौथा ०.९ मि.मी. आणि पाचवा १.३ मि.मी. अधिक आत रुतला आहे.

हा रोग या इंजिनाला शिसे नसलेल्या पेट्रोलमुळे लागला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट म्हणजे हेडच्याच बिडात कोरलेला ४५ अंशांचा उतार, निराळी कडक रिंग मूळ हेडमध्ये नाही. पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड होते तोवर ज्वलनानंतर शिशाच्या संयुगांचा बारीक थर सीटवर बसे आणि धातूला धातू थेट भिडू देत नसे. तो थर नाहीसा झाल्यावर तापलेला व्हॉल्व्ह सीटला क्षणभर चिकटतो, उघडताना बिडाचे कण उपटून नेतो, आणि ते कण पुढे कानशीसारखे काम करतात. व्हॉल्व्ह आत रुतत जातो तशी त्याची दांडी वर येते आणि टॅपेटचे अंतर कमी होते. म्हणून या इंजिनात वारंवार घट्ट होणारा टॅपेट ही सीट बसत चालल्याची खूण समजावी, आणि दरवेळी स्क्रू सैल करून विषय मिटला असे मानू नये. या गाडीत वर्षानुवर्षे तसेच होत आले असावे. शिसेयुक्त पेट्रोल आरोग्याला घातक होते आणि ते गेले हे योग्यच झाले. २०२१ मध्ये अल्जीरियाने ते थांबवल्यावर जगात कुठेही गाड्यांसाठी ते मिळेनासे झाले. इंजिनालाच आता नव्या इंधनाशी जुळवून घ्यायला हवे.

सीटांच्या मधली जागा साफ करून भेदक रंगाने भेग तपासली. लाल रंग पुसून पांढरा फवारा मारल्यावर एक्झॉस्ट आणि इनलेट यांच्यामधल्या पट्टीवर एखादी रेघ उमटते का, हे दहा मिनिटे पाहत होतो. रेघ उमटली नाही. स्टील पट्टीने पाहता हेड मध्यभागी ०.१० मि.मी. वाकलेले निघाले.

बोअर आतल्या मायक्रोमीटरने तीन उंचींवर आणि दोन दिशांना मोजले. सर्वाधिक झीज वरच्या कडेखाली ०.०६ मि.मी. आहे. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे नाहीत. ०.०१०, ०.०२०, ०.०३० आणि ०.०४० इंच असे ओव्हरसाइज पिस्टन मिळतात, पण या मापांवर बोअर पाडून घेणे म्हणजे चांगला धातू विनाकारण खरवडणे होय. ब्लॉकला हात लावणार नाही. ‘आता उघडलेच आहे तर’ या वाक्याने किती धडधाकट ब्लॉक वाया गेले असतील याची कल्पना करवत नाही.

२२ ऑक्टोबर

हेड मशीन शॉपमधून परत आले. चारही एक्झॉस्टना कडक सीटच्या रिंगा ठोकल्या आहेत, एक्झॉस्टचे गाइड (ज्यांतून व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या) बदलले आहेत, आणि पृष्ठ ०.१५ मि.मी. घासून सपाट केले आहे. इतके घासल्याने गुणोत्तर बिघडेल का, याचा हिशेब आधीच केला होता. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २७४ घ.सें.मी., म्हणून ८.५ गुणोत्तराला वरची मोकळी जागा साधारण ३६.५ घ.सें.मी. पडते. घासण्याने त्यातले अर्धा घ.सें.मी.ही जात नाही, आणि गुणोत्तर जेमतेम ८.६ होते.

२४ ऑक्टोबर

पाण्याचे मार्ग साफ केले. ब्लॉकच्या मागच्या बाजूचा ड्रेन कॉक उघडला तर थेंबही पडला नाही. तारेने टोचत राहिल्यावर आधी काळपट गाळाची वळी बाहेर आली, मग गंजाचे पापुद्रे, आणि मगच तपकिरी पाण्याची धार लागली. चौथ्या सिलिंडरभोवतीची जागा पंपापासून सर्वांत दूर असल्याने गाळ तिथेच बसतो, आणि पुढचा तापमापक ठीक दाखवत असताना मागचा सिलिंडर मात्र तापत असतो. हेड उतरलेले असतानाच वरच्या भोकांतून वाकवलेली तार आणि पाण्याचा दाब वापरून पाणी नितळ येईपर्यंत धुतले.

पंप आणि हेड यांच्यामधली बोटभर लांबीची बायपास नळी याच वेळी बदलली. हेड बसवल्यावर तिथे धड हात जात नाही, आणि ती फुटते तेव्हा नेमकी प्रवासात फुटते. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा आहे. तापमापक घातलेल्या पाण्यात तो योग्य वेळी उघडला, म्हणून तोच ठेवला.

२५ ऑक्टोबर

मागच्या तेलगळतीचा शोध. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नाही. तिथे शाफ्टवर उलट्या दिशेचे आटे कोरलेले आहेत आणि ते फिरताना तेलाला आत ढकलतात. क्रँककेसमध्ये दाब वाढला की आट्यांचे हे काम तोकडे पडते आणि तेल क्लचच्या बाजूला झिरपते. दाब वाढण्याचे नेहमीचे कारण झिजलेल्या रिंगा हे असते, पण माझ्या रिंगा तर ठीक निघाल्या होत्या. मॅनिफोल्ड (हेडच्या पोर्टांना जोडलेल्या नळ्या) काढलेले होते, म्हणून त्याच्या खालची टॅपेटची बाजूची दोन्ही झाकणे उतरवली. पुढच्या झाकणाला असलेल्या श्वासनळीत फुंकर मारली तर हवा जाईना. आत तेलाच्या घट्ट साक्याने ती पूर्ण बुजली होती. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून साफ करायला ठेवली. झाकणांची कॉर्कची गॅस्केटे दगडासारखी कडक झाली होती, ती बदलणार. गिअरबॉक्स उतरवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला.

२८ ऑक्टोबर

व्हॉल्व्ह लॅपिंग आणि हेडची जोडणी. बारीक पेस्ट बोटाच्या टोकाने व्हॉल्व्हच्या उतारावर लावून रबरी चोखणीच्या काठीने अर्ध्या फेऱ्यांत मागेपुढे घासले, आणि दर काही फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचलून निराळ्या जागी बसवला. सुरुवातीला पेस्टचा आवाज खरखरीत असतो. तो मऊ होत गेला की पुसून पाहायचे. सीटवर आणि व्हॉल्व्हवर अखंड, राखाडी, बिनचमकीचे कडे उमटले पाहिजे, त्यात कुठेही चकाकणारा तुकडा राहिला तर तिथे स्पर्श झालेला नाही. पाचव्याला तीन वेळा घासावे लागले. पेस्टचा कणही न ठेवता धुऊन स्प्रिंगा बसवल्या, पोर्टमध्ये पेट्रोल ओतले आणि पंधरा मिनिटे कक्षाच्या बाजूने पाहिले. आठही कोरडे राहिले.

कॉलेटखालच्या (स्प्रिंग व्हॉल्व्हच्या दांडीवर अडकवणाऱ्या खिळीखालच्या) रबरी रिंगा नव्या घातल्या. जुन्या इतक्या वाळल्या होत्या की चिमटीत धरताच तुटल्या. उतारावर अॅक्सिलरेटर सोडल्यावर जो निळसर धूर दिसायचा त्याचे मूळ याच रिंगा आणि सैल गाइड असणार.

गॅस्केटवर वरची आणि पुढची बाजू छापलेली असते, त्याप्रमाणे ठेवले. हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने तीन टप्प्यांत ४० फूट-पौंडांपर्यंत, आणि रॉकर स्टँडचे छोटे नट २५ फूट-पौंडांपर्यंत आवळले. पहिला आणि आठवा रॉकर बदलला, रॉकर शाफ्टच्या खालच्या अंगाला पायऱ्या पडल्या होत्या म्हणून शाफ्टही नवा घातला.

३० ऑक्टोबर

टायमिंग चेनचे झाकण उघडून पाहिले, चेन सैल नाही, दोन्ही चाकांवरच्या खुणा समोरासमोर येतात. बंद केले.

डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) घासून अंतर ०.०१५ इंच केले (मर्यादा ०.०१४ ते ०.०१६), प्लगचे अंतर ०.०२५ इंच. व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून जिभेने बंद केली तर ओढ टिकली, म्हणजे आतला पडदा शाबूत आहे. फाटलेला असता तर सपाट रस्त्यावर पेट्रोल जास्त जाते आणि कारण लवकर लक्षात येत नाही. गाडीचे अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडायचे, म्हणून बॅटरी जोडताना दोनदा पाहिले.

एसयू एचएस२ कार्ब्युरेटरचा थ्रॉटल स्पिंडल हलवून पाहिला, खेळ आहे पण थोडा. तिथून अधिकची हवा शिरली की आयडलिंग वरखाली होते आणि माणूस नाहक मिक्स्चरचा नट पिळत बसतो. कार्ब्युरेटरच्या आतल्या पिस्टनचा वेग आवरणाऱ्या डॅम्परमध्ये तेल नव्हतेच, ते भरले. तेल नसेल तर अॅक्सिलरेटर एकदम दाबल्यावर तो पिस्टन झटकन वर उडतो, मिश्रण विरळ होते आणि इंजिन क्षणभर अडखळते. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्यांनी बदलल्या.

१ नोव्हेंबर

२०डब्ल्यू-५० ऑइल भरले. टॅपेट सपाट तळाचे असून कॅमवर घासत चालतात, म्हणून जस्त-फॉस्फरसयुक्त झीजरोधक पुरेसे असलेलेच ऑइल निवडले. नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते प्रमाण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी कमी केलेले असते. प्लग न लावता स्टार्टर फिरवून तेलाचा दाब चढवला, मग प्लग लावले आणि चोक ओढला. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले. गरम झाल्यावर तेलाचा दाब धावत्या फेऱ्यांवर ५८ आणि आयडलिंगला १८ पीएसआय. पुस्तकात ६० आणि १५ दिले आहेत.

आयडलिंग सरळ आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला तर ठोके एकसारखे लागतात, मधली ती पोकळी गेली. हे जाणवल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून होतो.

२ नोव्हेंबर

पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा ४०वर पाहिले. मधले तीन नट थोडे फिरले. नट फिरले की टॅपेटचे अंतर बदलते, त्यामुळे आठही पुन्हा ०.३०वर आणले.

१६ नोव्हेंबर

५२० किलोमीटर झाले. मोजमापे : कंप्रेशन १६२, १६०, १५९ आणि १६१. प्लगची टोके चारही फिक्या तपकिरी रंगाची. रात्रभर उभ्या गाडीखालचा डाग आता रुपयाच्या नाण्याएवढा आहे, तो पूर्ण गेलेला नाही. आट्यांच्या रचनेत इतके झिरपणे मी स्वीकारतो. क्लच घसरत नाही तोवर गिअरबॉक्सला हात लावायचे कारण नाही.

हेडचे नट यावेळी जागचे हलले नाहीत. चौथा व्हॉल्व्ह ०.३०, पाचवा ०.३०. पुढची तपासणी १५०० किलोमीटरवर, आणि तेव्हाही सुरुवात याच दोघांपासून.